गाळलेलं वरण

सुभद्राच्या हातचं वरण गावात प्रसिद्ध होतं, पण ते चवीसाठी नाही. तुरीची डाळ ती इतकी शिजवायची की दाणा म्हणून ओळखू यायचा नाही, मग ती बारीक चाळणीतून गाळायची, आणि चाळणीत जे उरेल ते गाईच्या टोपल्यात. खाली जे पिवळं पाणी पडे त्यात मीठ, चिमूटभर हळद. बस. हे वरण घरात एकट्या लेकीसाठी, काजलसाठी व्हायचं, आणि काजल चौदा वर्षांची झाली तेव्हापासून होत होतं.

त्या वर्षी पोरगी संडासात फार वेळ बसायला लागली होती. काटोलहून येणारी शाळेची बस दारात हॉर्न वाजवत राही आणि ही आत. सुभद्रा दाराला थापा मारी. "शाळेत जायले नको म्हणून नाटकं करून राहिली का वं?" आतून काही उत्तर यायचं नाही. पोरगी वाळत गेली, गालाची हाडं वर आली, तरी सुभद्राला वाटलं, वय आहे, उंची वाढते. मग एक दिवस काजल अंगणात चक्कर येऊन पडली आणि तिचे कपडे धुताना सुभद्राने रक्त पाहिलं. "कधीपासून?" असं विचारलं तर पोरगी म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून. तू रागावशील म्हणून नाही सांगतलं."

तेव्हा होळी चार दिवसांवर आली होती.

नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून जखमा आहेत, हा आजार पुरता जात नाही, पण औषधांनी शांत राहतो, असं त्यांनी सावकाश समजावलं. मनोहरराव, काजलचे बाबा, मान डोलवत होते. सुभद्राच्या कानात मात्र थापांचा आवाज घुमत होता, तिने स्वतः त्या दारावर मारलेल्या. डॉक्टर पुढे बरंच काही बोलले. त्यातलं एवढंच तिने घट्ट धरलं: चोथा असलेलं काही द्यायचं नाही. भाकर नाही, पालेभाजी नाही, सालीची डाळ नाही, कच्चं काही नाही. मऊ भात आणि गाळलेलं वरण.

आणि संत्रं नाही. घराच्या मागच्या दारापासून सुरू होणारी बाग, पण संत्रं नाही.

काजल सुधारली. वर्षभरात अंगावर मूठभर मांस चढलं, रक्त थांबलं, शाळा सुरू झाली. सुभद्राला वाटलं, हे आपल्या चाळणीने केलं. गोळ्या होत्याच, पण गोळ्या डॉक्टरच्या. चाळणी तिची होती. आपल्या हातून पोरगी मरता मरता वाचली आणि आता आपल्याच हातांनी ती जगणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. पुढे कुणी काही सांगायला गेलं तर ती ऐकायची नाही.

तिच्या भावाच्या मुलाच्या लग्नात, नरखेडला, पंगतीत काजलने पातोडीचा रस्सा वाढून घेतला होता. तेव्हा ती सोळा-सतराची असेल. पहिला घास तोंडापाशी नेला आणि समोरून सुभद्रा आली. तिने पत्रावळ उचलली. शेजारी मामेबहिणी बसल्या होत्या, वाढपी मुलं उभी होती, नवरीकडची माणसं होती. सुभद्रा भरल्या मांडवात म्हणाली, "हिचं पोट सडलेलं आहे, हिले नका वाढू काही." तिला वाटलं होतं की नीट समजावलं तर लोक पुन्हा आग्रह करणार नाहीत. काजल उठली आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती कुठल्याच लग्नाला गेली नाही. सुभद्राला तेही बरंच वाटलं.

बारावीनंतर काजलला अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्याच उन्हाळ्यात मनोहरराव तिला धंतोलीला तपासणीला घेऊन गेले. सुभद्राच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून ती गेली नव्हती. बापलेक परतले ते एक डबा घेऊन. पांढरी पावडर, गवारीच्या बियांपासून केलेली, पाण्यात विरघळणारी. काजल हरखून गेली होती.

"आई, डॉक्टर म्हणाले आतडं आता शांत आहे. हळूहळू सगळं खायचं. हे फायबर आहे, पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं असते हे. होस्टेलला गेली तरी चालते म्हणाले."

"चोथा आहे का त्यात?"

"चोथाच समज, पण विरघळणारा."

"मंग नको."

पण पोरगी एकोणिसाव्या वर्षातली, तिला सगळं एका दिवसात हवं होतं. डॉक्टरांनी पाव चमच्यापासून सुरू कर म्हटलेलं असताना तिनं सकाळी दोन चमचे भरून घेतले आणि संध्याकाळी पुन्हा दोन. दुसऱ्या दिवशी तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कळा येत होत्या, ती गुडघे पोटाशी घेऊन पडून होती. रक्त पडलं नव्हतं, ताप नव्हता. पण सुभद्राला त्या कळांत पुन्हा ते अंगण दिसलं. तिने डबा उचलला, मागच्या दाराने गेली आणि उकिरड्यावर उपडा केला. "त्या डॉक्टरकडे आता पाय नाही ठेवायचा," ती म्हणाली. "गोळ्या काटोलच्या डॉक्टरकडून लिहून आणू. आणि अकोला-बिकोला काही नाही. मेसचं खाऊन मरशील तिथं."

काजलने दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी घालायची थांबली. मनोहरराव म्हणाले, "सुभद्रा, एकदा डॉक्टरले फोन तं करून पाहू." सुभद्राने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या दारावर थापा तुम्ही नव्हत्या मारल्या, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं. त्यांनी हातातला फोन परत खिशात ठेवला.

काजल काटोलच्या कॉलेजात बी.कॉम. झाली, रोज घरून जाऊन, रोज घरी येऊन. नंतर तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एक दिवस सांगितलं की नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत काम लागलं आहे, तिथंच बेसाला सोनिका नावाच्या मैत्रिणीसोबत खोली घेतली आहे. विचारलं नाही, सांगितलं. सुभद्रा रडली, मग डबा सुरू केला. गावातला जितेंद्र मिहानमध्येच ड्युटीला होता, दर सोमवारी पहाटे मोटारसायकलने जायचा. त्याच्याबरोबर मऊ भात, गाळलेलं वरण, आणि आठवडाभर पेज करायला भाजून दळलेलं तांदळाचं पीठ. काजल फोनवर सांगायची, "भेटला डबा." सुभद्रा विचारायची, "खाल्ला?" "खाल्ला." असं तीन वर्षं चाललं.

यंदा थंडी पडल्यावर काजलचा फोन आला.

"आई, माझी दुर्बिणीची तपासणी आहे बुधवारी. सोबत कोणीतरी पायजे म्हणतात, भूल देतात ना. सोनिकाले ऑफिसातून सुट्टी नाही भेटून राहिली. बाबा येतील का?"

"कुठं आहे तपासणी?"

"धंतोलीले. त्याच डॉक्टरांकडे. मी तिथंच जात असते आई. नोकरी लागल्यापासून."

सुभद्राचा राग उसळला आणि तितक्याच लवकर त्याची भीती झाली. पुन्हा दुर्बीण म्हणजे पुन्हा काहीतरी. "बाबाची संत्र्याची तोडणी सुरू आहे," ती म्हणाली. "मी येतो."

मंगळवारी दुपारी ती बेसाला पोचली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. काजल तपासणीआधीचं ते कडू औषध पीत बसली होती, सकाळपासून पाणी आणि शहाळ्यावर. चेहरा ओढलेला होता पण अंगाने ती चांगली भरली होती. सुभद्राने ते पाहिलं, आणि आपल्या डब्यांचं फळ म्हणून मनातल्या मनात सुखावली. आजचा डबा तिने स्वतः आणला होता. काजलला आज खाता येणार नाही हे तिला माहीत नव्हतं. तिने तो ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी सोनिका आली. नागपूरच्याच गड्डीगोदाम मोहल्ल्यातली पोरगी, बोलकी, पायातले बूट काढता काढताच सुरू झाली. "नमस्ते काकू! काजल कुठंय? बाथरूममध्ये? बिचारी, आज तिचा पूरा दिवस तिथंच जाते." मग तिची नजर ओट्यावर गेली. "अरे वा! आज तं मंगळवारीपण डबा भेटला. काकू, सच सांगते, तुमचा तो गिल्ला भात मले एकदम आवडते. ड्युटीवरून थकून आलं ना की बस, वरून थोडं लोणचं घ्यायचं. आमच्या आईले पण सांगतलं मी, असं वरण तुले नाही जमत म्हणून."

सुभद्राला आधी कळलंच नाही. "तू खाते?"

"हो ना काकू, दर सोमवारी. तुमच्या पिठाची पेज माझ्या भाच्याले देते बहीण, त्याचं वजन वाढलं." आणि ताट घेऊन वाढायला लागलेली सोनिका मध्येच थांबली. तिने सुभद्राकडे पाहिलं. हातातली वाटी खाली ठेवली. "काजलनं... तुम्हाले सांगतलं नव्हतं का?"

बाथरूमचं दार उघडलं. काजल चौकटीत उभी होती, तिने शेवटचं ऐकलं होतं. मग सुभद्रा म्हणाली, "वाढून घे वं पोरी. थंड होते ते." तिचा आवाज इतका नेहमीसारखा निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. सोनिकाने कसेबसे चार घास खाल्ले आणि फोनचं निमित्त करून गॅलरीत गेली.

"आई," काजल म्हणाली.

"उद्या होऊ दे तुझं," सुभद्रा म्हणाली. "मंग बोलू."

दवाखान्यात तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. ते म्हातारे झाले होते, पण त्यांनी ओळखलं. "ताई, बऱ्याच वर्षांनी." सुभद्राला मान वर करता येईना. काजल बाजूच्या खाटेवर भुलीच्या अंमलात डोळे मिटून पडली होती. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा वळवून दाखवला. ओल्या, गुलाबी, गुळगुळीत भिंती. "हे तुमच्या मुलीचं आतडं. कुठं जखम नाही, कुठं अरुंद जागा नाही. फार छान आहे."

"मंग आता तिले... भाजी-भाकर चालते का?"

डॉक्टर जरा गोंधळले. "ती खातेच आहे की. सगळं खाते. गोळ्या नेमानं घेते, ते सगळ्यात महत्त्वाचं. रोज ती फायबरची पावडर घेते, पाव चमच्यापासून सुरू करून दोन महिन्यांत पूर्ण मात्रेवर आली, तिला मानवली. सगळ्यांना मानवत नाही. ज्यांचं आतडं आकसलेलं असतं त्यांना मी देतही नाही. आणि सूज उसळलेली असताना चोथा बंदच ठेवायचा. पण एरवी आतड्यालाही खायला लागतं ना ताई."

"तवा तुम्हीच बंद सांगतला होता," सुभद्रा म्हणाली. भांडायला नाही, तिला खरंच विचारायचं होतं. "पहिल्या खेपेले. चोथा नाही म्हणून."

"हो, सांगितला होता. सूज उतरेपर्यंत. महिना, फार तर दीड महिना." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही तेव्हा फार घाबरल्या होत्या."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. महिना, दीड महिना. डॉक्टर तेव्हा हे बोलले असणारच. ती समोर बसली होती, तिचे कान होते, तरी ते शब्द तिच्यापर्यंत पोचले नव्हते. मनोहररावांनी ऐकले असतील का? ऐकले असतील तर तिच्यापुढे बोलायची त्यांची हिंमत तिनेच ठेवली नव्हती. तिला नरखेडचा मांडव आठवला. पोरगी उठून गाडीकडे जाताना तिची पाठ कशी ताठ होती, ते आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, काय तोरा आहे हिला.

खोलीवर येईपर्यंत दुपार कलली. डॉक्टरांनी आजचा दिवस हलकं खायला सांगितलं होतं. काजल डोळे चोळत म्हणाली, "आज तुझा मऊ भात चालते आई. करते का?"

सुभद्राने केला. वरण मात्र गाळलं नाही, नुसतं घोटलं. काजल ताट मांडीवर घेऊन खात होती, सावकाश, शेवटपर्यंत, आणि सुभद्रा बघत होती. औषध पितात तसं ती ते खात होती. तोंड वाकडं न करता, चव न घेता. इतकी वर्षं पोरगी समोर बसून अशीच जेवत असणार, आणि सुभद्राने फक्त ताट रिकामं झालं की नाही तेवढं पाहिलं होतं.

"डबे फेकले नाहीत मी," काजल अचानक म्हणाली. "एकही नाही फेकला. सोनिकानं खाल्ले."

"सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? पहिल्या महिन्यात सांगणार होती. तुले फोन लावला तर तू म्हणाली, पहाटे चार वाजता उठून डाळ गाळली. मंग नाही सांगता आलं." तिने ताट खाली ठेवलं. "आणि खरं सांगू का? तू इथं येशील आणि भांडे तपासशील, याचं भेव वाटे मले. अजूनही भाकर खाताना कोणी दार वाजवलं की घास थांबते माझा."

सुभद्राने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "चुकलं वं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिने आयुष्यात कुणाला म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. "लय चुकलं."

काजल रडली नाही. जवळही आली नाही. "तू रात्र रात्र बसली होती माझ्याजवळ, ते मी विसरली नाही," ती म्हणाली. "तेव्हा तू नसती तर मी राहिली नसती, हेही मालूम आहे. पण अकोल्याचं नाही जात डोक्यातून. मले झाडांचं शिकायचं होतं आई. आपल्या बागेतली अर्धी झाडं डिंक्या रोगानं गेली तवा मी इथं दुसऱ्याचे हिशेब टाइप करत होती."

सुभद्राने खाली ठेवलेलं ताट उचललं आणि मोरीत नेऊन घासलं.

"मी आज थांबतो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "उद्या तुले जेवू घालतो आणि मंग जातो. काय करू सांग. तुले काय आवडते?"

प्रश्न विचारला आणि तो तिच्याच अंगावर आला. तिला माहीत नव्हतं. काजलला काय मानवत नाही ते ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. काय आवडतं ते माहीत नव्हतं.

काजलने विचार केला. "कारलं," ती म्हणाली.

"कारलं?"

"भरलेलं. सोनिकाची आई करते. पहिल्यांदा खाल्लं तवा कडू म्हणून डोळ्यात पाणी आलं होतं. आता लय आवडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा बेसाच्या बाजारातून कारली घेऊन आली. बिया काढताना हात अडखळले, चोथा सगळा आतच होता. तिने दाण्याचा कूट, तीळ, चिंच-गूळ घालून सारण केलं, भाकरी थापल्या. काजलने आधी ग्लासभर पाण्यात आपली पावडर ढवळून घेतली, आईसमोर, न लपवता, आणि मग जेवायला बसली. तिने दोन कारली खाल्ली. तिसरं घेतलं नाही.

"कसं झालं?"

"चांगलं आहे." मग प्रामाणिकपणे, "मीठ थोडं कमी पडलं."

सुभद्राने मान हलवली. कमी मिठाचा, बिनतिखटाचा हात झाला होता तिचा. तो आता काय बदलणार.

जेवताना काजलने सांगितलं की कंपनीने तिला पुण्याच्या ऑफिसात घेतलं आहे, पुढच्या महिन्यात जायचं आहे, म्हणूनच ही तपासणी आधी उरकली. तिथल्या डॉक्टरांना दाखवायला कागद लागतील. सुभद्रा "बरं झालं" म्हणाली. पोरगी हातात यायला लागली आणि निघालीही, असं तिच्या मनात आलं. ते तिनं तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

गणेशपेठच्या स्टँडवर काजल तिला सोडायला आली. बस लागलेली होती, कंडक्टर काटोल, काटोल ओरडत होता. सुभद्राला जागा मिळाली ती खिडकीची. खाली काजल उभी होती. सुभद्राने काच सरकवली आणि तिला बरंच काही बोलायचं होतं, पण म्हणाली ते एवढंच, "गोळ्या नको सोडू वं."

"नाही सोडत."

"आणि सुट्टीत येशील ना?"

"पाहीन," काजल म्हणाली. ती हसली, पण उत्तर तेच राहिलं.

अंधार पडता पडता सुभद्रा घरी पोचली. मनोहरराव तोडणीवरून येऊन पाय धूत होते. हातातला तांब्या तसाच धरून त्यांनी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर? कशी आहे पोरगी?"

सुभद्रा पायरीवर बसली. पिशवी मांडीवरच होती.

"बरी आहे," ती म्हणाली. "लय वर्षांपासून बरी आहे ती."

मनोहररावांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं आणि तिच्या शेजारी येऊन बसले.